वाचकांचे प्रश्न : संस्थापक आणि त्यांच्यामागून आलेली माणसे

धर्मांच्या आणि पंथांच्या संस्थापकांविषयी आलेल्या पत्रांतून या अंकासाठी पाच प्रश्न निवडले आहेत. सर्व उत्तरांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे मूळ साधने भरपूर बोलतात तिथे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझ्या नातवाच्या प्रश्नसंचात ‘जैन धर्माचे संस्थापक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ‘वर्धमान महावीर’ असे छापलेले आहे. आमच्या जैन शेजाऱ्यांना ते मान्य नाही. बरोबर कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शेजारी बरोबर आहेत, आणि त्यांच्या बाजूने केवळ श्रद्धा नाही, पुरावाही आहे. जैन परंपरा ऋषभदेवांपासून चोवीस तीर्थंकर मानते आणि महावीर त्यांतले शेवटचे. ऋषभदेव इतिहासाच्या साधनांच्या पलीकडे आहेत, हे मान्य करावे लागते. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांना मात्र बहुतेक अभ्यासक ऐतिहासिक व्यक्ती मानतात. महावीरांचे आईवडील पार्श्वांच्या परंपरेचे उपासक होते, असे आचारांगसूत्रात सांगितलेले आहे. याहून बोलका पुरावा उत्तराध्ययनसूत्राच्या तेविसाव्या अध्यायात आहे. श्रावस्ती नगरीत दोन श्रमणसंघ एकाच वेळी येऊन उतरतात. एकाचे प्रमुख पार्श्वपरंपरेतले केशी, तर दुसऱ्याचे प्रमुख महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती गौतम. दोन्हीकडच्या शिष्यांना प्रश्न पडतो की, मोक्ष हे ध्येय एकच असताना पार्श्वांची व्रते चार आणि वर्धमानांची पाच का, आणि एकाचे साधू वस्त्र वापरतात, दुसऱ्याचे वापरीत नाहीत, हे कसे. गौतम उत्तर देतात की, पहिल्या काळातली माणसे सरळ पण जड बुद्धीची होती, शेवटच्या काळातली वक्र आणि जड आहेत, मधल्या काळातली सरळ आणि शहाणी होती, म्हणून धर्माची मांडणी वेगवेगळी करावी लागली. केशींचे समाधान होते आणि ते पाच व्रते स्वीकारतात. महावीरांच्या आधीपासून एक संघटित श्रमणसमुदाय नांदत होता आणि त्याला सामावून घेण्याचा प्रश्न महावीरांच्या शिष्यांपुढे उभा राहिला होता, हे या संवादातून स्वच्छ दिसते. तेव्हा महावीरांना संघाची नवी आणि कठोर घडी बसवणारे म्हणावे. प्रश्नसंचातले उत्तर मात्र दुरुस्त व्हायला हवे.

याच ओघात गौतम बुद्धांविषयीही लिहितो, कारण त्यांची गोष्ट वरवर सारखी दिसली तरी वेगळी आहे. अरण्यात विसरल्या गेलेल्या एका प्राचीन नगराकडे जाणारी जुनी वाट आपल्याला सापडली, असे बुद्ध संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात सांगतात; नवी वाट पाडली असा दावा ते करीत नाहीत. आधीच्या बुद्धांवरची श्रद्धा फार लवकर रुजली होती. नेपाळच्या तराईतल्या निगाली सागर येथील स्तंभलेखात सम्राट अशोक म्हणतो की, राज्याभिषेकाला चौदा वर्षे झाली असताना त्याने कोनाकमन बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला. हा कोनाकमन गौतमांच्या पूर्वीचा बुद्ध. परंतु गौतमांच्या आधी त्यांचाच विनय, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे नियम, पाळणारा भिक्षुसंघ अस्तित्वात होता, असे दाखवणारा जैनांच्या केशी-गौतम संवादासारखा पुरावा मिळत नाही. म्हणून बौद्ध परंपरा स्वतःविषयी काहीही मानीत असली, तरी इतिहास लिहिताना गौतमांना संस्थापक म्हणण्यात चूक नाही. महावीरांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : ‘मी आता नवा धर्म स्थापन करतो’ असे ठरवून कामाला लागलेला कोणी संस्थापक झाला आहे काय? बहुतेकांच्या मागून शिष्यांनीच धर्म उभा केलेला दिसतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले निरीक्षण योग्य आहे, आणि म्हणूनच मानी या अपवादाकडे मुद्दाम पाहायला हवे. इराणातल्या पार्थियन सत्तेच्या अखेरच्या काळात, इ.स. 216 मध्ये, त्याचा जन्म बाबिलोनियात झाला. त्याचे वडील स्नानशुद्धीला फार महत्त्व देणाऱ्या एका ख्रिस्ती-यहुदी वळणाच्या पंथात सामील झाले होते आणि मानी त्याच वातावरणात वाढला. बाराव्या आणि पुन्हा चोविसाव्या वर्षी आपल्याला दिव्य जोडीदाराचे दर्शन झाले, असे तो सांगे. दुसऱ्या दर्शनानंतर त्याने तो पंथ सोडला, भारताच्या वायव्य भागापर्यंत प्रवास केला आणि परत येऊन सासानी सम्राट पहिला शापूर याची भेट घेतली. शापूरने त्याला आपल्या राज्यात प्रचाराची मोकळीक दिली.

मानीने आपल्या आधीच्या संस्थापकांचा जणू तुलनात्मक अभ्यासच केला होता. जरथुश्त्र, बुद्ध आणि येशू यांना तो आपले पूर्वसूरी मानी, परंतु त्यांनी एक गोष्ट केली नाही अशी त्याची तक्रार होती. त्यांनी आपली शिकवण स्वतः लिहून ठेवली नाही. ती शिष्यांनी मागून लिहिली आणि तिच्यात भेसळ शिरली. शिवाय त्यांचे धर्म एकेका देशात आणि एकेका भाषेत अडकून पडले. या दोन्ही उणिवा त्याने स्वतःच्या हयातीत भरून काढल्या. त्याने ग्रंथ स्वहस्ते लिहिले, बहुतेक सिरियाक भाषेत आणि शापूरला अर्पण केलेला एक मध्य पर्शियनमध्ये. अक्षरओळख नसलेल्यांसाठी आपल्या विश्वरचनेचा चित्रग्रंथ तयार केला. संघाची उतरंडही आखून दिली : बारा आचार्य, बहात्तर धर्माध्यक्ष, तीनशे साठ ज्येष्ठ, त्यांच्याखाली संन्यस्त ‘निवडलेले’ आणि त्यांना अन्न पुरवणारे गृहस्थ ‘श्रोते’. वेगवेगळ्या भाषा जाणणारे प्रचारक चहूकडे पाठवले. संस्थापकाने करण्यासारखे यात काय राहिले, ते मला तरी सांगता येत नाही.

तरीही आज जगात मानीचा धर्म उरलेला नाही. शापूरनंतर थोड्याच वर्षांत पहिला बहराम गादीवर आला, जरथुश्त्री पुरोहित कर्देर याचे वजन वाढले आणि मानीला गुंदेशापूर येथे बेड्या घालून कोठडीत टाकण्यात आले. तिथेच, 274 किंवा 277 मध्ये, त्याचा अंत झाला. धर्म मात्र त्यानंतर बराच काळ जगला. रोमन साम्राज्यात तो इतका पसरला की 302 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने त्याच्याविरुद्ध फर्मान काढले. पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा आधारस्तंभ ठरलेला ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या धर्माचा ‘श्रोता’ होता. पूर्वेकडे आठव्या शतकात उइगुर खानाने तो राजधर्म म्हणून स्वीकारला. चीनच्या फूजिआन प्रांतात च्वानजौजवळ एका लहानशा मंदिरात मानीची पाषाणमूर्ती आजही आहे, पण तिथले भाविक तिची पूजा बुद्ध म्हणूनच करीत आले.

माझ्या मते मानीच्या धर्माला ग्रंथांचा किंवा शिस्तीचा तुटवडा कधीच भासला नाही. एकही राज्य टिकाऊपणे त्याच्या बाजूचे राहिले नाही आणि प्रत्येक मोठ्या धर्माने त्याला आपल्याच घरातला पाखंडी मानले, हे त्याचे दुर्दैव. आज मानीविषयी आपल्याला जे खात्रीने कळते, त्याचा बराचसा भाग तुर्फानच्या वाळवंटात आणि इजिप्तमध्ये विसाव्या शतकात सापडलेल्या हस्तलिखितांतून येतो. त्यांतली एक चर्मपत्री पोथी पाच सेंटिमीटरहूनही कमी उंचीची आहे. तिच्यात मानीचे पूर्वचरित्र ग्रीकमध्ये लिहिलेले असून ते त्याच्या शिष्यांच्या आठवणी जुळवून केलेले आहे. स्वतःच्या हाताने सारे लिहून ठेवणाऱ्याचे चरित्रही शेवटी शिष्यांकडूनच मिळावे, यातला विनोद त्याला फारसा रुचला नसता.

प्रश्न : चक्रधरस्वामींना महानुभाव पंथाचे संस्थापक म्हणावे, तर अनुयायी त्यांना परमेश्वराचा अवतार मानतात. शिवाय त्यांनी स्वतः काहीच लिहिले नाही. मग पंथ नेमका कोणी आणि कसा उभा केला? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : या प्रश्नाला महाराष्ट्राइतके तपशीलवार उत्तर फार थोड्या प्रदेशांना देता येईल, कारण तेराव्या शतकातल्या एका पंथाच्या घडणीची नोंद इथे प्रत्यक्ष सोबत राहिलेल्या माणसांच्या तोंडून उतरवून ठेवलेली आहे.

पंथाची स्वतःची भूमिका आधी सांगितली पाहिजे. महानुभाव श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाच कृष्णांना मानतात. या मांडणीत चक्रधर पाचवे आहेत आणि ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ हे त्यांचे गुरू. भडोचच्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून निघतो, वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटतो आणि घराकडे पुन्हा वळतच नाही, ही कथा पंथात सर्वांना ठाऊक असते. गोविंदप्रभूंनी संघ उभारला नाही, उपदेशाची पद्धतशीर मांडणीही केली नाही. त्यांचे वागणे लोकांना वेडसर वाटे. उपदेश, शिष्यांची निवड, भिक्षेचे आणि संन्यासाचे नियम, जातीपातीची आणि विटाळाची बंधने झुगारणारा आचार, बायकांना पुरुषांच्या बरोबरीने संन्यासाचा अधिकार, हे सारे चक्रधरांचे. त्या अर्थाने संस्थापक म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते.

परंतु चक्रधर गेले तेव्हा, म्हणजे पंथीयांच्या शब्दांत ते ‘उत्तरापंथे’ निघून गेले तेव्हा, मागे ग्रंथ नव्हता आणि मठही नव्हता. होती ती सैरभैर झालेली माणसे. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ती ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर नागदेवाचार्यांनी, म्हणजे भटोबासांनी, त्यांना एकत्र धरले. आणि याच काळात म्हाइंभटांनी ते काम हाती घेतले ज्यामुळे पंथ टिकला.

म्हाइंभट हे शास्त्रात पारंगत असलेले, वादविवादासाठी चक्रधरांकडे आलेले आणि मग त्यांचेच झालेले विद्वान. चक्रधरांच्या लीळांचे, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे, त्यांनी केलेले संकलन म्हणजे लीळाचरित्र. परंपरा त्याचा काळ शके 1200 म्हणजे इ.स. 1278 असा सांगते. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव शाळेतही शिकवले जाते. त्यांची कामाची पद्धत मात्र शाळेत सांगितली जात नाही. त्यांनी भटोबासांकडून लीळा ऐकल्या, आणि ज्या ज्या माणसाशी चक्रधर बोलले, ज्याच्या घरी जेवले, ज्याला रागावले, त्या त्या माणसाकडे जाऊन आठवण विचारली. एकाच प्रसंगाविषयी दोन साक्षीदार वेगळे सांगत असतील, तर दोन्ही आठवणी ठेवण्याची पद्धत या वाङ्मयात रूढ झाली. अशा पाठभेदाला महानुभाव ‘वासना’ म्हणतात. या वृत्तीमुळेच लीळाचरित्रातले चक्रधर एकसुरी होत नाहीत. जेवणाची चव सांगणारे, शिष्याची थट्टा करणारे आणि म्हातारीच्या साध्या प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देणारे स्वामी आपल्याला तिथे भेटतात. आपल्या संस्थापकाला देव मानणाऱ्या अनुयायांनी त्याची इतकी माणसासारखी नोंद ठेवावी, याचे मला वारंवार नवल वाटत आले आहे.

पुढचा टप्पा केशिराजबासांचा. चक्रधरांच्या मुखातली वचने त्यांनी लीळांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला आणि स्वामींनी बोलताना दिलेल्या दृष्टांतांचा दृष्टांतपाठ केला, ज्यात 114 दृष्टांत आहेत. आठवणींचे तत्त्वज्ञानात रूपांतर झाले ते इथे. केशिराज संस्कृतचे पंडित होते आणि संस्कृतात लिहिण्याकडे त्यांचा ओढा होता. त्यावर भटोबासांनी त्यांना अडवताना काढलेले उद्गार स्मृतिस्थळ या महानुभाव ग्रंथात नोंदलेले आहेत : ‘नको गा केशवदेया : येणें माझिया म्हातारिया नागवतील.’ संस्कृतामुळे आपल्या संघातल्या म्हाताऱ्या शिकवणीला मुकतील, ही त्यांची चिंता होती. पंथाची भाषा मराठी राहिली यामागे चक्रधरांचा आदर्श होताच, पण कसोटीच्या क्षणी हा निर्णय भटोबासांनी घेतला आणि तोही संघातल्या बायकांकडे पाहून. त्या बायकांत महदाइसा होत्या, ज्यांच्या धवळ्यांमुळे, म्हणजे विवाहगीतांमुळे, त्यांना मराठीची आद्य कवयित्री मानले जाते. चक्रधरांना शंका विचारून विचारून भंडावणाऱ्याही त्याच, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे कित्येक वचने आपल्याला मिळाली आहेत.

लीळाचरित्राची मूळ प्रत खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. आज मिळणारे पाठ म्हणूनच एकमेकांपासून वेगळे आहेत. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या समाजाला पंथाविषयी नीट काही कळेना आणि त्यातून बरेच गैरसमज वाढले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही लिपी उलगडली आणि नंतर महंतांच्या सहकार्याने ग्रंथ छापले जाऊ लागले, तेव्हा कुठे मराठी वाचकाला आपल्या भाषेतला हा ठेवा पाहायला मिळाला.

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर द्यायचे तर, शिकवण आणि आचार चक्रधरांचे, संघ भटोबासांचा, चरित्र म्हाइंभटांचे आणि शास्त्र केशिराजांचे. यांतला एक जरी नसता, तरी चक्रधर हे नाव यादवकालीन महाराष्ट्रातल्या अनेक विस्मृत अवधूतांच्या यादीत गेले असते, असे मला वाटते.

प्रश्न : वारकरी संप्रदायाचे संस्थापक संत ज्ञानेश्वर, असे म्हणणे योग्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : योग्य नाही, आणि वारकरी स्वतः असा आग्रह धरीतही नाहीत. ‘ज्ञानदेवें रचिला पाया’ हा संत बहिणाबाईंचा चरण आपल्या मनात असावा. त्या अभंगात पाया ज्ञानदेवांचा, विस्तार नामदेवांचा, खांब एकनाथांचा आणि कळस तुकोबांचा आहे. म्हणजे तिथेही श्रेय एकट्या कोणाला दिलेले नाही. शिवाय पाया रचण्याआधी जागा होतीच. पंढरपूरच्या देवळातला ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा शिलालेख शके 1195 ते 1199 या काळातल्या दानांची नोंद करतो, आणि ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके 1212 मध्ये. विठ्ठलाची भक्ती आणि पंढरीची ये-जा ज्ञानदेवांच्या आधीपासून चालू होती. आजच्या पालखी सोहळ्याची घडी तर फार अलीकडची आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केली आणि ज्ञानेश्वरांच्या स्वतंत्र सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. जिथे एकाने दीक्षा देऊन संघ काढलेला नाही, तिथे संस्थापक शोधणे व्यर्थ आहे.

प्रश्न : संस्थापकाच्या मागे गादी मुलाकडे जावी की शिष्याकडे, यावरून अनेक पंथ फुटलेले दिसतात. संस्थापकांनी स्वतः या प्रश्नाचा विचार केला होता का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : काहींनी केला, आणि त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. बुद्धांनी वारस नेमला नाही. आपल्या मागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आपले शिष्य आनंद यांना सांगितले. मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात, बुद्धांच्या निर्वाणानंतर लवकरच, राजगृहातले गोपक मोग्गल्लान आणि मंत्री वस्सकार आनंदांना विचारतात की, बुद्धांनी नेमलेला किंवा संघाने निवडलेला असा कोणी भिक्षू आहे का ज्याच्या आश्रयाला तुम्ही राहता. आनंद ‘नाही’ म्हणतात आणि पुढे सांगतात की, आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार. उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या व्रताच्या, दिवशी एका गावक्षेत्रातले आम्ही सारे जमतो, नियमांचे पठण होते आणि चूक झालेल्याशी त्या नियमांप्रमाणे वागतो. राज्यकारभार पाहणाऱ्या माणसाला हे उत्तर विचित्र वाटले असणार. संघात पुढे मतभेदावरून अनेक निकाय, म्हणजे उपपंथ, पडले, पण गादीच्या वारशावरून भांडण झाले नाही, कारण गादीच नव्हती.

गुरू नानकांनी (1469–1539) याच्या उलट केले. त्यांनी हयातीतच वारस नेमला, मात्र आपल्या दोन मुलांना बाजूला ठेवून लहणा या शिष्याला ‘अंगद’ हे नाव देऊन गुरुपद दिले. थोरले पुत्र श्रीचंद विरक्त होते आणि उदासी पंथ त्यांच्यापासून चालला. अंगदांनीही मुलांना डावलून वृद्ध शिष्य अमरदास यांची निवड केली. चौथे गुरू रामदास हे अमरदासांचे जावई, आणि त्यांच्यापासून गुरुपद एकाच सोढी घराण्यात राहिले. घराण्यात पद आल्याबरोबर भांडणेही आली. पाचवे गुरू अर्जनदेव यांचे थोरले बंधू पृथीचंद यांनी स्वतःची गादी मांडली, आणि पुढे रामराय यांनी धाकटे बंधू हरकृष्ण यांच्याविरुद्ध दावा सांगितला. अर्जनदेवांनी 1604 मध्ये गुरूंची वाणी ग्रंथात बांधून घेतली, त्याला हेही एक निकडीचे कारण होते : प्रतिस्पर्धी मंडळी नानकांच्या नावाने स्वतःची पदे चालवीत होती.

हा गुंता दहाव्या गुरूंनी, गोविंदसिंगांनी, दोन पायऱ्यांत सोडवला. 1699 मध्ये आनंदपूरला त्यांनी पाच शिष्यांना अमृत देऊन खालसा निर्माण केला आणि लगेच त्याच पाचांकडून स्वतः अमृत घेतले. त्यामुळे पंथाचा अधिकार एका व्यक्तीकडून समुदायाकडे सरकला. पुढे 1708 मध्ये आपल्या नांदेडमध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. त्यांचे चारही पुत्र त्याआधी काही वर्षांपूर्वीच मोगलांशी झालेल्या संघर्षात मारले गेले होते, म्हणून दुसरा मार्गच नव्हता, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. योग्य शिष्य त्यांच्याजवळ होते. नांदेडलाच भेटलेल्या बंदासिंगांना त्यांनी पंजाबात लढण्यासाठी नेतृत्व देऊन पाठवले, मात्र गुरुपद दिले नाही.